थोरल्यांचा डबा

बेगायिम चिडली की कणीक मळायला घेते, हे बाशतेरेक गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडानं बोलायची सोय नाही ना! सासरे घरात, दीर अंगणात, म्हाताऱ्या भिंतीला टेकून ऊन खात बसलेल्या. केलिननं, म्हणजे घरच्या सुनेनं, आवाज चढवायचा नाही, सासऱ्याकडं पाठ करायची नाही, त्याचं नाव तर ओठांवर आणायचंच नाही. मग राहिलं काय? कणीक. त्या वसंतात तिनं एवढी कणीक मळली की सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, लग्न आहे का कुणाचं आपल्याकडं? एवढे नान खाणार कोण?"

लग्न कुणाचं नव्हतं. होता तो पाण्याचा तमाशा, आणि त्यातली पहिली चूक बेगायिमचीच होती, हे ती स्वतःच सांगते. पण पहिलीच हं. बाकीच्या ज्यांनी केल्या त्यांनी नंतर असे काही हात झटकले, की आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

बेगायिमचं माहेर आयाककुम. केंगसायचा पाट डोंगरातून निघतो तो आधी बाशतेरेकला येतो आणि गावागावांतून पाणी देत देत शेवटी आयाककुमच्या वाळूत संपतो. म्हणजे तिच्या सासरी पाणी सर्वांत आधी आणि माहेरी सर्वांत शेवटी. लहानपणी तिला वाटायचं, पाणी तपकिरीच असतं. वरच्या सगळ्या गावांचा गाळ, साबण, मेंढरांची घाण घेऊन ते यायचं, आणि तेही आलं तर. वडील लवकर गेले. आई आनारकाननं वाळूत जर्दाळूची बाग लावली, एकेक रोप डबड्यानं पाणी घालून जगवलं, आणि त्याच जर्दाळूंच्या जिवावर पोरीला ओश शहरात शिकायला धाडलं. पोरगी यंत्रांना शिकवायचं शास्त्र शिकली. राजधानीत नोकरी केली, तिथंच बाशतेरेकच्या मुलाशी जमलं. नवरा आता रशियात घरांवर छपरं घालतो आणि थंडी फार पडली की परत येतो. बेगायिम सासरी, सासूसासऱ्यांपाशी.

सासरे गावातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांचं नाव तिनं घ्यायचं नाही, तेव्हा आपणही तूर्त त्यांना थोरले म्हणू. तीही त्यांना 'आताके' म्हणायची, म्हणजे बाबा, पण खाली बघून.

पाण्यावरून दरवर्षी फावडी उगारली जायची. म्हणून पाणीखात्यानं ठरवलं की पाटाच्या प्रत्येक दारावर एक शिकणारा डबा बसवायचा, आणि काम बेगायिमला दिलं. आता, ऑफिसात एक मोठं डोकं बसवून त्यानं सगळ्यांवर हुकूम सोडायचे, हे इथं चालणारंच नव्हतं. खोऱ्यात मोबाईलची रेंज बोलण्यापुरती, तीही कधी असते कधी नसते, आणि डब्यातला रेडिओ पोचतो तो शेजारच्या दारापर्यंत. आणि त्याहून मोठी अडचण माणसांची. आपली मेंढरं किती हे इथं कुणी सख्ख्या भावालाही खरं सांगत नाही, दृष्ट लागते. मग कुठल्या तुकड्यात काय पेरलंय ते ऑफिसला कळवणार? नाव काढू नका!

म्हणून बेगायिमनं असं केलं. प्रत्येक डब्याला फक्त आपल्या गावची खबर. मुळांशी ओल किती, ऊन किती, काल सोडलेलं पाणी पुरलं की नाही. काल चुकला तर डबा त्यातून शिकतो आणि आज सुधारतो. मग सगळ्या पाटाची दारं किती किती उघडावीत याचा तो एक अंदाज बांधतो आणि वरच्या नि खालच्या शेजाऱ्याला सांगतो. गावची खबर गावातच राहते, शेजारी जातो तो नुसता अंदाज. शेजाऱ्याचा अंदाज ऐकायचा, आपल्यात मिसळायचा, आपल्या गावाला कमी पडत असेल तर तो थोडा आपल्याकडं ओढायचा, पुन्हा सांगायचा. असं बोलत बोलत शेवटी सगळे डबे एकाच अंदाजावर येतात. मालक कुणीच नाही.

तंदूरपाशी बायकांना ती हे समजावून सांगायची. "पुलावात मीठ किती, हे तुम्ही एकमेकींना चाखायला देऊन ठरवता ना? तसंच हे."

"आमच्यात कोण कुणाचं ऐकतं गं!" एक म्हणायची. "शेवटी मीठ सासूच टाकते."

सगळ्या हसायच्या. बेगायिमही हसायची. तेव्हाच कान टवकारायला हवे होते तिनं.

कारण यातली मेख तीच आहे. कुणी कुणाचं किती ऐकायचं, हे डब्यांना आधी ठरवून द्यावं लागतं. नियम साधा आहे, मी तुझं जेवढं ऐकेन तेवढंच तू माझं ऐकायचंस. हा सारखेपणा राखला की शेवटच्या एकमतात प्रत्येक गावची तहान सारखीच धरली जाते. आणि नाही राखला तर? तरीही एकमत होतंच! हीच तर खरी लबाडी. फक्त ते एकमत, ज्याचं जास्त ऐकलं जातं त्याच्या दारात जाऊन बसतं. बेगायिमला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

पण डबे बसवायच्या आधी पाटाच्या मोठ्या दारापाशी सभा भरली. सगळ्या गावांचे वडीलधारे पांढऱ्या टोप्या घालून गालिच्यांवर बसले. बेगायिमनं सगळं समजावलं. थोरल्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"म्हणजे माझा डबा आणि त्या वाळूतल्या गावचा डबा, दोघांचा शब्द सारखाच?"

"हो, आताके."

"आपल्या जेवणाच्या दस्तरखानावर मेंढ्याचं डोकं कुणापुढं ठेवतात? शेंबड्या पोरापुढं?"

गालिच्यावर हशा पिकला. दुसऱ्या गावचा ओरोझाली, सुकलेला, सारखा घसा खाकरणारा म्हातारा, तो म्हणाला, "अहो, केलिनचं माहेर आहे ते. पाणी रुमालात बांधून माहेरी न्यायचं असेल बिचारीला!"

पुन्हा हशा. बेगायिमचे कान तापले. हेच बोलणं ती लग्नापासून ऐकत होती. तंदूरवर, लग्नघरात, दवाखान्याच्या रांगेत, जिथं जाईल तिथं. "काय गं, पाणी माहेरी वळवणार ना आता?" तिनं काही केलं तरी ती माहेरचीच ठरणार होती. आणि म्हणूनच, आपण पक्षपाती नाही हे दाखवायला, तिनं पारडं उलट्या बाजूला झुकवलं. खालच्या प्रत्येक डब्यानं वरच्याचं जास्त ऐकायचं, वरच्यानं खालच्याचं कमी. सगळ्यांत वर थोरल्यांचा डबा, त्यानं जवळजवळ कुणाचंच नाही. घरात चालतं तसंच तिनं पाटावर चालू केलं, मान म्हणून. एवढ्याशा मानानं काय बिघडतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

डब्यांना नावं दिली होती ती त्या त्या गावच्या वडीलधाऱ्यांची. सासऱ्यांचं नाव तिच्या बोटांनाही लिहवेना. तिथं तिनं नुसतं 'थोरले' लिहिलं. प्रत्येक डब्याला एक किल्ली, किल्ली त्या गावच्या वडीलधाऱ्याच्या गळ्यात. ती फिरवल्याखेरीज डब्यातलं काही बदलायचं नाही, असंही सभेनं ठरवलं.

वसंत आला. बाशतेरेकनं त्या वर्षी भात लावलं. आधी कधी एवढं लावलं नव्हतं, पण पाणी दारात असताना कोण सोडतो? तळे राखील तो पाणी चाखील म्हणतात. चाखील म्हटलंय हो, बुडून बसेल असं नाही म्हटलेलं! थोरल्यांच्या डब्यानं इमानेइतबारे भाताची तहान मोजली आणि खाली सांगितली. खालच्यानं ती ऐकली, त्याच्या खालच्यानं ऐकली. सगळ्या डब्यांवर हिरवे दिवे लागले. एकमत झालं.

खात्याचा साहेब शारशेन, नवी गाडी नि नवे बूट, नाचतच आला. "पाहिलंत? भांडण नाही, फावडी नाही. मतभेद शून्य! राजधानीहून पाहुणे येणार आहेत हे बघायला. ते आले की हीच वाटणी पक्की करून टाकू, कापणीपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मग आईचा, तिच्या आपाचा, फोन आला. "पाणी येत नाही गं इकडं."

"चारीत गाळ असेल, आपा. काढून घ्या."

"काढलाय. गाळ काढला, दगड काढले, आता काय वाळू काढू?"

"पण डब्यांचं एकमत झालंय."

"कुणाकुणाचं?"

"सगळ्यांचं. आपल्या आयाककुमच्या डब्याचंसुद्धा."

पलीकडं आनारकान "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं फोनच केला नाही. भांडली असती, रडली असती, तर बेगायिमनं चार कारणं सांगितली असती. पण ही गप्पच. आई वाढवून सांगते, नेहमीच सांगते, असं बेगायिम स्वतःला पटवत राहिली आणि कणीक मळत राहिली. शेवटी न राहवून एका सकाळी उठली, सासूला सांगितलं, मालवाहू गाडीत बसून माहेरी गेली.

आयाककुमचा पाट कोरडा होता. कोरडा म्हणजे तळाला भेगा. बागेत झाडाखाली बोराएवढे हिरवे जर्दाळू पडले होते, पाय ठेवायला जागा नाही इतके. झाड तहानलं की आधी फळं टाकतं, मग पानं. मग स्वतःही जातं. कडेची काही झाडं पानांपर्यंत आली होती. शेजारच्या दोन बागांची तीच गत.

आनारकाननं लेकीला बघून ना हाक मारली ना गळ्यात घेतलं. चटई टाकली. गाढवावरून आणलेल्या कॅनमधलं पाणी किटलीत घातलं, चहा केला आणि लेकीपुढं पियाला ठेवला, काठोकाठ भरून.

बेगायिमनं पुढं केलेला हात मागं घेतला. आमच्याकडं पाहुण्याला चहा देतात तो पियाल्याच्या तळाशी, दोन घोट. संपला की पुन्हा ओततात, पुन्हा ओततात, म्हणजे तू बस, तू आम्हाला हवीस. भरलेल्या पियाल्याचा अर्थ एकच, पी आणि चालू लाग. तोही अशा घरात, जिथं प्यायला पाणी नाही!

"आपा..."

"पी. लांबून आलीस."

"आपा, मला खरंच वाटलं की..."

"इकडं ये." आनारकान उठली आणि तिला हाताला धरून पाटाच्या शेवटच्या दारापाशी घेऊन गेली. तिथं डबा होता. त्याच्या खालच्या जमिनीत बोट जाईल एवढी भेग, आणि डब्यावर हिरवा दिवा. "याला माहिती आहे ना माती कोरडी आहे ते?"

"आहे. मोजतोय तो."

"मोजतोय! तहान लागलीय हे कळतंय, आणि वरून 'मान्य आहे' म्हणतोय? कुणी शिकवलं याला हे? आँ?" आनारकानचा आवाज फाटला. "तू शिकवलंस. स्वतः तिकडं जशी राहतेस तसंच शिकवलंस बाई. आतून वाळलेली आणि वरून मान डोलावतेय! मी तुला यासाठी ओशला धाडलं होतं?"

बेगायिम डब्याकडं बघू लागली. त्या डब्यानं बिचाऱ्यानं काय करायचं होतं? तो रोज ओरडत होता, पाणी कमी आहे, पाणी कमी आहे. वरचा ते चिमूटभर ऐकत होता, त्याच्या वरचा त्याहून कमी, आणि थोरल्यांच्या डब्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. उलट वरून येणारं मात्र त्याला सगळं ऐकावं लागत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर हिरवा दिवा! आणि ती स्वतः काय बघत होती? एकमत. कोण खूष आहे हे नाही, कोण भांडत नाही एवढंच. ती तिथंच पाटाच्या कडेला बसली आणि डोळे पुसत स्वतःला चार शिव्या घातल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

परतताना ती सरळ शारशेनच्या ऑफिसात गेली.

"साहेब, माझी चूक झालीय. ऐकण्याची मापं सारखी करायला हवीत. सगळ्या किल्ल्या फिरवून घ्या."

शारशेननं खुर्ची मागं रेलली. "बसा बसा. चूक कसली? एकमत झालंय की."

"खोटं एकमत आहे ते! आयाककुमची फळं गळलीत."

"फळं दरवर्षी गळतात. बाई, परवा पाहुणे येतायत. ह्या वेळी दिवे लाल करायचे? लोक काय म्हणतील? केलिननं पाणी माहेरी नेलं म्हणतील."

"म्हणू देत."

"तुम्हाला चालेल हो, मला नाही चालणार." आणि मग नाकानं कांदे सोलत म्हणतो कसा, "शास्त्रात भावना आणू नयेत."

शास्त्रात भावना! ज्याला दोन डबे एकमेकांशी काय बोलतात हे सांगता आलं नसतं, तो तिला शास्त्र शिकवत होता. बेगायिम उठली ती दार आपटून. ऑफिसातल्या पोरीनं नंतर सांगितलं, काच तडकली.

मग ती मधल्या गावांतून फिरली. ओरोझालीनं घसा खाकरला. "आमच्यापुरतं येतंय गं पाणी. थोरल्यांच्या विरोधात मी कशाला जाऊ?" दुसरा म्हणाला, "एकमत मोडायचं म्हणजे अपशकुन." तिसऱ्यानं तर चहाही विचारला नाही. सगळे मूग गिळून. अरे, पाटाच्या खाली उभं राहून वरच्याला शिव्या देणारे हेच ते लोक! स्वतःच्या चारीत पाणी पडलं की खालचा आपोआप परका होतो. आणि तसंही सगळं थोरल्यांच्या किल्लीवर अडलं होतं. बाकीच्यांनी कितीही बदललं तरी वरचा डबा कुणाचंच ऐकत नाही तोवर सगळे फिरून त्याच्याच मतावर येणार.

घरी थोरल्यांसमोर विषय काढायचा म्हणजे सासूच्या तोंडून. सासूबाईंनी घाबरत घाबरत काढला. थोरले जेवता जेवता म्हणाले, "केलिनला सांग, तिची बुद्धी मोठी आहे. पण पाण्याला वय कळतं." सासूबाईंनी केलिनला सांगितलं, केलिन दोन हातांवर तिथंच होती. तिनं कणकीचं भांडं घेतलं आणि बाहेर गेली.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. मोठ्या दारापाशी पुन्हा गालिचे, तंबू, मेंढा कापलेला. सगळ्या गावांचे वडीलधारे गळ्यात किल्ल्या घालून आलेले. आयाककुमचे लोक कडेला उभे, त्यात आनारकान नव्हती. शारशेननं भाषण केलं. डब्यांचं कौतुक, खात्याचं कौतुक, पूर्वजांचं शहाणपण आणि नव्या युगाची साथ वगैरे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मांस आलं आणि थाळीतलं उकडलेलं डोकं मानानं थोरल्यांपुढं ठेवलं गेलं, शेजारी सुरी. गावच्या सुना चहा ओतत होत्या, त्यात बेगायिम.

ती पाहुण्यांना दोन घोट ओतत गेली, ओरोझालीला दोन घोट ओतले. थोरल्यांपुढं आली, वाकली आणि पियाला भरला. काठोकाठ. इतका की गालिच्यावर सांडला.

ओरोझालीचा घास तोंडातच राहिला. थोरल्यांनी पियाल्याकडं बघितलं, मग जन्मात पहिल्यांदा सुनेच्या तोंडाकडं.

"केलिन, हे काय?"

"तुम्हाला भरूनच लागतं ना, आताके? तसाच दिलाय. खालच्यांना उरला तर उरला."

"अगं ए!" सासूबाई ओरडल्या. कुणीतरी तिचा दंड धरला. तिनं हिसकून सोडवला, किटली खाली ठेवली आणि सरळ उभी राहिली.

"मागच्या सभेत तुम्ही विचारलं होतं, मेंढ्याचं डोकं कुणापुढं ठेवतात. वडीलधाऱ्यापुढं. मी ठेवलं. आता मी विचारते, तो वडीलधारा त्या डोक्याचं काय करतो?"

वडीलधारे एकमेकांकडं बघू लागले.

"सांगा ना! लहान पोरांना विचारलं तरी सांगतील. सुरी घेतो आणि वाटतो. कान कापून सर्वांत धाकट्याला देतो, म्हणजे त्यानं ऐकायला शिकावं. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. सगळं डोकं एकट्यानं खाणारा वडीलधारा पाहिलाय कुणी ह्या खोऱ्यात? मी तुमच्या डब्याला डोकं दिलं, पण सुरी द्यायला विसरले. ती माझी चूक. आणि तुम्ही सगळे," ती गालिच्याकडं वळली, "तुम्ही बघत बसलात. तुमच्यापुढं तुकडा पडला ना, बास! माझ्या आईची झाडं वाळतायत आणि तिच्या दारातला डबा 'मान्य आहे' म्हणतोय. कारण त्याचं कुणी ऐकतच नाही. याला एकमत म्हणतात? लाज नाही वाटत टाळ्या पिटायला?"

शारशेन पुढं आला. "बाई, हे सगळं ऑफिसात..."

"तुम्ही गप्प बसा!" एवढ्या जोरात ती आयुष्यात कुणावर ओरडली नव्हती. मग पुन्हा सासऱ्यांकडं वळली. "डब्यांवर सगळ्यांची नावं आहेत. एकाच डब्यावर नाव नाही, तिथं 'थोरले' लिहिलंय. मी नाव लिहू शकले नाही म्हणून. आणि ज्याचं नाव घेता येत नाही त्याची चूक तरी कशी काढायची? म्हणून आज घेते. तुरदुमामात! हा पाट तुमच्या डब्यानं अडवलाय, तुरदुमामात. किल्ली द्या."

काय सांगू! म्हाताऱ्या तोंडावर हात घेऊन बसल्या. सासूबाईंनी डोळे मिटले. पाहुण्यांना भाषा नीट कळत नव्हती, ते शारशेनकडं बघत होते आणि शारशेन बुटांकडं.

म्हातारा लालबुंद झाला. सुरी त्याच्या हातात होती. त्यानं भरलेल्या पियाल्याकडं बघितलं, सांडलेल्या चहाकडं बघितलं. मग पुढं वाकून डोक्याचा एक कान कापला. कुठं द्यावा हे त्याला कळेना. कडेला उभ्या असलेल्या आयाककुमच्या लोकांकडं त्यानं तो हात केला. कुणी पुढं होईना, तेव्हा तो खेकसला, "घ्या की! का आता हातात भरवू?" एका माणसानं येऊन घेतला.

मग त्यानं गळ्यातली किल्ली काढली आणि दस्तरखानावर फेकली, नानच्या चळतीत.

"ते 'थोरले' पूस," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "नाव लिही. बाकीच्यांची आहेत तसं." आणि न जेवता उठून गेला.

थोरले उठले म्हटल्यावर ओरोझालीच्या अंगात अचानक शौर्य संचारलं. "मी म्हणतच होतो!" म्हणत त्यानं आपली किल्ली काढली, आणि त्याच्यामागोमाग सगळ्यांनी. म्हणतच होतो म्हणे! मेल्या, कधी म्हणत होतास? शारशेननं पाहुण्यांना सांगितलं की ही खात्यानं मुद्दाम ठरवलेली चाचणी होती. त्या माणसाला पुढं बढती मिळाली, आणि हे लिहिताना मला कणीक मळावीशी वाटतेय.

बेगायिमनं दुपारभर एकेका दारावर जाऊन मापं सारखी केली. दिवे लाल झाले, सगळेच्या सगळे. डबे भांडायला लागले, आणि तिला ते लाल दिवे बघून बरं वाटलं. भांडत भांडत, एकमेकांचं ऐकत ऐकत, ते दुसऱ्या दिवशी हळूहळू हिरवे झाले. बाशतेरेकच्या खालच्या अंगाच्या भातखाचरांतलं पाणी उतरलं, आणि त्या धन्यांनी तिच्या नावानं बोटं मोडली, ती अजून मोडतायत. थोरले तिच्या हातचा नान खात नव्हते. सासूबाई मुकाट्यानं वेगळी कणीक मळायच्या. घरात बोलायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आनारकानचा फोन आला. बेगायिमनं घाईघाईनं उचलला.

"काय ऐकते मी हे?" आनारकान कडाडली. "भर सभेत सासऱ्याचं नाव घेतलंस? काठोकाठ पियाला दिलास? लोकांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस तू! आता मी त्या घरात पाय कशी ठेवू? असं वळण लावलं होतं मी तुला?"

"आपा..."

"आपा आपा करू नकोस! पाय धर त्यांचे. आजच्या आज धर. इथं येऊन लोक मला विचारतायत, तुझी मुलगी अशी कशी, म्हणून. काय सांगू मी त्यांना? सांग ना, काय..."

मागं कुणीतरी ओरडलं. फावडं दगडावर आपटल्याचा आवाज आला, आणि आनारकान बोलता बोलता थांबली.

"थांब जरा," ती म्हणाली. आवाज एकदम बदलला होता. "नंतर शिव्या देते. दारं धरायचीत, पाणी आलंय."